टापूवरचे ढिवर जीवन

टापूवरचे ढिवर जीवन : नागपूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या धरणांच्या फुगवट्यात, तीन किंवा चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या उंचवट्यांवर व काठांवर राहून मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या कुटुंबांची दिनचर्या आणि तिच्याशी जोडलेले व्यवहार. या भागात ‘बेट’ हा शब्द पुस्तकातला आहे; बोलण्यात ‘टापू’च येतो. समुद्रातल्या बेटावरच्या कोळ्याला भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून सांगता येते. जलाशयातल्या टापूभोवतीचे पाणी मात्र धरणाची दारे उघडण्या-मिटण्यावर चढते आणि उतरते, आणि ती दारे टापूवरच्या माणसाच्या हातात नसतात. या जीवनातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ या एका बाबीत सापडते.

अशा वस्त्यांच्या दृष्टीने दोन जलाशय महत्त्वाचे आहेत. एक पेंच नदीवरील तोतलाडोह. तो पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, महाराष्ट्र व मध्य प्रदेशच्या सीमेवर पसरला आहे. दुसरा वैनगंगेवरील गोसीखुर्द. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुनर्वसन रखडल्यामुळे त्यात पाणी एकदम न भरता टप्प्याटप्प्याने वाढवत नेले गेले, आणि तो फुगवटा भंडारा जिल्ह्याबरोबर नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यातही शिरला. कुही तालुक्यातील अंभोरा येथे कन्हान, आम वगैरे नद्या वैनगंगेला मिळतात. लोक त्याला पाच नद्यांचा संगम मानतात. तेथील चैतन्येश्वराची टेकडी या फुगवट्यामुळे पाण्यात उभी राहिली. पूर्वी जेथे वाळूतून चालत जाता येई, तेथे डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, लागू लागला.

ढिवर हा पूर्व विदर्भातील गोड्या पाण्यातला मासेमार समाज. भोई, कहार, केवट हे त्याचे भाऊबंद समाज असून राज्याच्या यादीत ते सर्व भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात मोडतात. मासेमारीखेरीज डोली वाहणे, घरोघर पाणी भरणे, तलावात शिंगाडा लावणे, मुरमुरे व फुटाणे भाजून विकणे, आणि भंडारा-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडे, पाळणे ही कामे या समाजाने पिढ्यानपिढ्या केली. ही यादी वरवर विस्कळीत वाटते. पण मासा वर्षभर सारखा मिळत नाही हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातला हिशेब कळतो. या समाजाचे मूळ ज्ञान नदीच्या डोहांचे आणि मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या ताब्यातील) तलावांचे, म्हणजेच ‘मामा (माजी मालगुजारी) तलावां’चे. तलाव केवढा, त्यात कोणती वनस्पती कोठे उगवते, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो हे तेथे माहीत असे. गाद, चिला, देवधान, परसूड ही पाणवनस्पतींची नावे ढिवरांच्या तोंडी सहज येतात. धरणाच्या पाण्यात यातले बरेच ज्ञान उपयोगी पडत नाही, कारण काठ एका जागी राहत नाही आणि काठ हलला की गवतही टिकत नाही.

दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. काठावर रोवलेली काठी किंवा ओळखीचा दगड पाहून रात्रीतून पाणी किती सरकले याचा अंदाज घेणे हे पहिले काम. डोंगा रात्री जेथे बांधला तेथेच सकाळी असतो, पण पाणी तेथे असेलच असे नाही. मग दोघेतिघे मिळून तो चिखलातून ढकलत पाण्यापर्यंत नेतात. जाळे आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास टाकलेले असते. हे बहुधा तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचे उभे जाळे असते. वरच्या दोरीला थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, खालच्या दोरीला वजने, आणि मध्ये पाण्यात भिंतीसारखा ताणलेला पडदा. उजेडात माशाला धागा दिसतो, अंधारात दिसत नाही; म्हणून हे जाळे रात्री काम करते. पौर्णिमेच्या आसपास मासा कमी लागतो, हा ढिवरांचा अनुभव याच कारणाशी जुळतो.

जाळे उचलण्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. एक जण वल्हे हलकेच मारत डोंगा जाळ्याच्या रेषेत ठेवतो. दुसरा पुढे उकिडवा बसून वरची दोरी हातावर घेत जातो आणि बोटांच्या टोकांवर येणाऱ्या ओढीवरून, मासा दिसण्याआधीच, तो रोहू आहे की काटेरी शिंगाळा हे ओळखतो. रोहू कल्ल्यांशी अडकलेला असतो. त्याला मागे न ओढता डोक्याच्या दिशेने पुढे सारले की तो सुटतो आणि धागाही तुटत नाही. शिंगाळ्याचा काटा मात्र धाग्यात गुंतून बसतो. तो सोडवताना बोटे फाटतात, आणि थंडीत ती जखम दिवसचे दिवस चुरचुरत राहते. याशिवाय जलाशयाचा तळ सपाट नसतो. खाली न तोडता बुडवलेली झाडे, विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती उभ्या असतात. जाळे त्यात अडकले की ते सोडवण्यासाठी बुडी मारावी लागते, नाहीतर कापून टाकावे लागते. धरणग्रस्त कुटुंबातलाच माणूस जाळे टाकत असेल, तर अनेकदा ते त्याच्याच बुडालेल्या गावावर पडत असते, आणि कोठे टाकू नये हे त्याला त्या गावाच्या आठवणीवरून ठाऊक असते.

जलाशयात मिळणारे मासे दोन प्रकारचे मानता येतील. रोहू, कतला व मृगळ यांचे बीज मच्छीमारांची सहकारी संस्था सोडते. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिले, आणून त्यांची बोटाएवढी बोटुकली झाल्यावर सोडणे हा खर्चाचा भाग असतो. मरळ, वाम, शिंगाळा, मांगूर आणि झिंगे हे पाण्याचे स्वतःचे. अलीकडे चिलापी सर्वत्र वाढली असून तिला भाव कमी मिळतो. अंभोऱ्याच्या झिंग्यांना मात्र नागपूरकर आवर्जून जातात. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालणारे चढणीचे मासे धरणाच्या भिंतीशी थांबतात, आणि खालच्या अंगाला काही दिवस मासळी उदंड दिसते. हे उदंडपण फसवे आहे, कारण तो पुढच्या वर्षांचा मासा असतो. जुन्या ढिवरांना हे कळते. जाळ्याचा आस (छिद्र) लहान करू नये, पोटात अंडी असलेल्या माशाला हात लावू नये, असे ते बजावतात. ज्याचे घर रोजच्या मासळीवर चालते त्याला ते पाळणे कठीण जाते, आणि त्याचा दोष एकट्या त्याच्या माथी मारणे न्याय्य नाही.

सूर्य वर येईपर्यंत मासळी काठाला लागते आणि काम बायकांच्या हाती जाते. मासळी निवडणे, लहान-मोठी वेगळी करणे, घरासाठी वाटा काढणे, झिंगे उन्हात वाळवणे, जवळच्या गावांत टोपली घेऊन दारोदार विकणे ही कामे त्या करतात. पैशांचा हिशेबही बहुधा त्यांच्याच डोक्यात असतो. घरात भात आणि माशाचा आंबट रस्सा हे रोजचे जेवण. विकला न जाणारा बारीक मासा चुलीवर भाजून चटणीसारखा खातात. दुपारी पुरुष झोप काढतात आणि तिसऱ्या प्रहरी जाळी सावलीत पसरून फाटलेले आस सुईने पुन्हा गाठवतात. मुले डोंगा चालवायला शाळेच्या आधीच शिकतात. शाळा मात्र पाण्यापलीकडे असते, आणि वारा सुटला की त्या दिवशीचा वर्ग बुडतो. आजारपण आणि बाळंतपण यांतही हीच अडचण येते.

मोठी मासळी बर्फात घालून व्यापाऱ्यामार्फत नागपूरच्या भोईपुऱ्यात किंवा मंगळवारी बाजारात जाते. जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो. तो मच्छीमार सहकारी संस्थेकडे असला तरी बीज, जाळी आणि डोंग्यासाठी रोख लागते, आणि ती रोख पुष्कळदा व्यापाऱ्याच्या उचलीतून येते. उचल घेतली की मासळी त्यालाच द्यावी लागते आणि भाव तोच सांगतो. अशा रीतीने पाण्याप्रमाणे बाजारही टापूवरच्या माणसाच्या हाताबाहेर राहतो.

नागपूर शहराचा या वस्त्यांशी आणखी एक संबंध आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही नोंद अपुरी राहील. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडे जाते, कन्हानला मिळते आणि कन्हानमार्गे ते पाणी वैनगंगेत व गोसीखुर्दच्या फुगवट्यात पोहोचते. वाहत्या नदीत घाण पुढे निघून जाई. साठलेल्या पाण्यात ती मुरते. त्यावर जलपर्णी माजते, डोंग्याची वाट अडते, जाळे तिच्या मुळांत गुरफटते आणि खालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो. जी मासळी शहर आवडीने खाते, तिच्याच पाण्यात शहर आपली गटारे सोडते, ही वस्तुस्थिती आहे.

तोतलाडोहची अडचण वेगळी आहे. तेथे पाणी तुलनेने स्वच्छ, पण भोवती वाघाचे जंगल. मध्य प्रदेशच्या बाजूने उद्यानातून उठवलेल्या गावांच्या ३०५ आदिवासी कुटुंबांना जलाशयात मासेमारीचे परवाने देण्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द न करता त्यांना कडक अटी जोडल्या. परवानाधारकाकडे छायाचित्रासह ओळखपत्र असावे आणि जलाशयाच्या काठावर स्वयंपाकासाठीसुद्धा विस्तव पेटवू नये, या त्यांपैकी होत. महाराष्ट्राच्या बाजूला धरणाच्या बांधकामाच्या काळात वसलेली तोतलाडोहची वस्ती पुढे जंगलातून हलवण्यात आली. जंगल राखणे आवश्यकच आहे. मात्र आधी धरणाने आणि मग अभयारण्याने अशी एकाच माणसाला दोनदा जागा सोडावी लागणे, हे या प्रदेशाच्या इतिहासातले दुःखद प्रकरण आहे.

पाण्याच्या चढ-उताराची दोन टोके अलीकडच्या काळातच दिसली. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला आणि नागपूरला मृत साठ्यातून पाणी द्यावे लागले. अशा वेळी टापू काठाला जोडले जातात, पाणी डबक्यापुरते उरते, आणि मासा सहज सापडत असला तरी पुढच्या हंगामासाठी काही शिल्लक राहत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस याच्या उलट घडले. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेत आले, गोसीखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पूर आला. अशा पुरात डोंगे आणि जाळी वाहून जातात. शेतीच्या पिकाचा निदान पंचनामा होतो. जाळ्याचे नुकसान कागदावर आणणे फार कठीण असते, कारण वाहून गेलेल्या जाळ्याचा पुरावा उरत नाही.

अंभोऱ्याला वैनगंगेवर सुमारे ७०० मीटर लांबीचा, तारांनी तोललेला पूल झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. नागपूर व भंडारा जिल्हे त्यामुळे जवळ आले. महाशिवरात्रीला यात्रेकरूंना पार नेणाऱ्या डोंग्यांचे काम घटले; त्याच वेळी सुटीच्या दिवशी पूल पाहायला येणाऱ्यांसाठी काठावर तळलेले मासे आणि झिंगे यांची दुकाने वाढली. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर केली जाते. जी जमीन धरणात गेली, तीच चार महिने पुन्हा दिसते आणि तिच्यावर काकडी-टरबुजाचे वेल चढतात. त्या वेलांच्या कडेला डोंगा पालथा घालून ठेवलेला असतो, त्याच्या फटींत डांबर भरलेले असते, आणि पाणी परत वर येईपर्यंत तो तेथेच राहतो.