तिसऱ्या लढतीने काहीच ठरत नाही

२४ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडमध्ये चक लिडेल आणि टिटो ऑर्टिझ तिसऱ्यांदा समोरासमोर उभे राहिले. लिडेलला पन्नाशी खुणावत होती, वय ४८. ऑर्टिझ ४३ वर्षांचा. दोघेही एके काळचे यूएफसीचे, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती यांनी लढायच्या एमएमए या खेळाच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे, लाइट हेवीवेट विजेते. याआधीच्या दोन्ही लढती, २००४ची आणि २००६ची, लिडेलने ठोशांवरच निकालात काढल्या होत्या. या वेळी पहिली फेरीही पुरी झाली नाही. साडेचार मिनिटं व्हायच्या आतच ऑर्टिझच्या उजव्या ठोशाने लिडेल कोसळला.

मग व्हायचं तेच झालं. बारा वर्षांपूर्वी ज्याला डोक्यावर घेऊन नाचले, त्याच लिडेलबद्दल लोक म्हणू लागले की तो तसा फार मोठा नव्हताच, फक्त त्याचा काळ सोपा होता. २००४ ते २००६ या काळात त्याने सलग सात लढती जिंकल्या होत्या आणि सातही वेळा प्रतिस्पर्धी निकालासाठी पंचांच्या गुणांपर्यंत पोहोचलाच नव्हता. हे सगळं एका संध्याकाळीत पुसलं गेलं. माझं म्हणणं असं की त्या संध्याकाळी ‘कोण श्रेष्ठ’ हा प्रश्न मोजलाच गेला नव्हता. मोजलं गेलं ते भलतंच काही. ते काय, हे समजायला आधी शरीराकडे आणि मग प्रेक्षकाच्या डोक्याकडे पाहावं लागतं.

लिडेलची खुबी अंतराची होती. हात जवळजवळ कमरेशी, पाय मागे मागे सरकणारे. समोरच्याला वाटावं की हा पळतोय. त्याने पुढे झेपावावं, आणि नेमक्या त्या क्षणी खांद्यावरून वळसा घेऊन येणारा उजवा हात त्याच्या कानशिलावर बसावा. या शैलीत बचावाची भिंत नसतेच. बचाव म्हणजे डोळे, पाय आणि वेळेचं गणित.

आता ते गणित मांडून पाहू. डोळ्यांना काही दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत तरुण, निरोगी माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जवळून मारलेला सरळ ठोसा यापेक्षा कमी वेळात पोहोचू शकतो. म्हणजे ठोसा पाहून तो चुकवणं हे तरुणालाही जमण्यासारखं नाही. कसलेला लढवय्या ठोसा पाहतच नाही. तो समोरच्याचा खांदा किती झुकला, कंबर कुठे वळली, वजन कोणत्या पायावर गेलं, हे पाहतो आणि ठोसा निघण्याआधीच हलायला लागतो. हा अंदाज अनुभवाने वाढतो, आणि म्हणूनच तिशीतले खेळाडू विशीतल्या पोरांना गुंडाळून ठेवतात.

पण अंदाज आला तरी त्याची अंमलबजावणी त्याच जुन्या मज्जातंतूंनी आणि स्नायूंनी करायची असते. समजा, वयामुळे या साखळीत फक्त २० मिलिसेकंदांची भर पडली. सेकंदाला ८ मीटर वेगाने येणारी मूठ तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे सरकते. हनुवटीपासून कानामागपर्यंतचं अंतर साधारण एवढंच. जो ठोसा पूर्वी नाकासमोरून वारा घालत गेला असता, तो आता जबड्यावर येऊन बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, अरे, याला अचानक काय झालं? अचानक काहीच झालेलं नसतं. घसरण हळूहळू चाललेली असते, तिचा परिणाम मात्र एका झटक्यात दिसतो, कारण चुकलेला ठोसा आणि लागलेला ठोसा यांच्यामध्ये तिसरं काही नसतं.

ही घसरण सुरू कधी होते? २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ या संगणकीय खेळाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. पडद्यावर नवं काही दिसल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा वेळ वयाच्या २४ व्या वर्षापासूनच वाढायला लागतो, असं त्यात आढळलं. चोवीस! त्याच नोंदींत हेही दिसलं की वयाने मोठे खेळाडू साध्या, कमी कष्टाच्या युक्त्या वापरून ही तूट बऱ्यापैकी भरून काढतात. लढवय्येही तेच करतात. फरक इतकाच की संगणकावर युक्ती फसली तर हनुवटीला काही होत नाही.

स्नायूंची कहाणीही अशीच आहे. आपल्या स्नायूंत मंद आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. वय वाढतं तसे जलद तंतू आधी बारीक होतात. शिवाय त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून गळत जातात. पोरक्या झालेल्या काही तंतूंना शेजारच्या मंद पेशी ‘दत्तक’ घेतात आणि ते तंतूही मंद होऊन बसतात. त्यामुळे नुसती ताकद बरीच टिकते, पण ताकद झटक्यात लावण्याची क्षमता लवकर ओसरते. ज्येष्ठ खेळाडूंच्या विक्रमांतही हे उमटतं: झटक्याने वजन डोक्यावर न्यायच्या वेटलिफ्टिंगमध्ये वयानुसार होणारी घट नुसत्या ताकदीच्या पॉवरलिफ्टिंगपेक्षा जास्त तीव्र असते.

म्हणूनच चाळिशीनंतरही यूएफसीच्या विजेतेपदाचा पट्टा कमरेला बांधणारी ठळक नावं, म्हणजे रँडी कूटूर, डॅनियल कॉर्मिए, ग्लोव्हर टेशेरा, ही सगळी ९३ किलो आणि त्यावरच्या गटांतली आहेत. हलक्या गटांत वेगावरच सगळी मदार असते; तिथे वयाला लपायला जागा मिळत नाही.

याहून जास्त काळजीची गोष्ट कवटीच्या आत घडते. मार लागून शुद्ध हरपते ती मेंदू कवटीवर आपटल्यामुळे, असा समज आहे. प्रत्यक्षात जास्त घातक असतो तो पिळा. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं झर्रकन वळतं. मऊ मेंदूचे थर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मज्जापेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतबाहेरचा क्षारांचा समतोल क्षणात ढासळतो. ‘बत्ती गुल’ म्हणतात ती ही. बहुतेकदा सगळं सावरतं. पण ताणलेले सगळेच तंतू पूर्ववत होतात असं नाही, आणि वर्षानुवर्षांच्या सरावात बसलेल्या बारीकसारीक माराचा हिशेब कुठल्याच विक्रमपत्रकात नसतो.

हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टराने मुष्टियोद्ध्यांमधली अडखळती चाल आणि मंदावलेलं बोलणं १९२८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं होतं. आज त्याच्या टोकाच्या रूपाला सीटीई म्हणतात. त्यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत ठरावीक जागी गुंतागुंत करून साठतं. त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीतच होतं. लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून मुष्टियोद्धे आणि एमएमए लढवय्ये यांच्या मेंदूंचा अभ्यास चालवला आहे. जास्त लढती खेळलेल्यांत थॅलॅमस आणि कॉडेट हे मेंदूच्या खोल भागातले अवयव आकसलेले दिसतात, आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेगही कमी भरतो.

या पार्श्वभूमीवर लढतीआधीच्या वैद्यकीय परवान्याकडे पाहावं. लिडेलला तपासण्यांनंतरच परवाना मिळाला होता. एमआरआयमध्ये रक्तस्राव दिसतो, मोठी इजा दिसते. टाऊ दिसत नाही, आणि ‘हा माणूस आता ठोसा पचवू शकेल का’ हे तर अजिबातच दिसत नाही. त्याचं उत्तर कारकिर्दीतच लिहिलेलं होतं. २००७ मध्ये रॅम्पेज जॅक्सन, २००८ मध्ये रशाद एव्हन्स, २००९ मध्ये शोगुन हुआ, २०१० मध्ये रिच फ्रँकलिन, या सगळ्यांनी त्याला ठोशांनी थांबवलं होतं. फ्रँकलिनचा तर त्या लढतीत हात मोडला होता, आणि तरी निकाल तोच लागला. एवढं पाहून आठ वर्षांनी परवाना देणाऱ्या यंत्रणेबद्दल मला फारसं चांगलं बोलता येत नाही.

मध्ये काही वर्षं या खेळाने वयाला फसवायचा एक राजमार्गही काढला होता. टेस्टोस्टेरॉन कमी पडतं असं प्रमाणपत्र आणायचं आणि अधिकृत परवानगीने ते टोचून घ्यायचं. व्हिटोर बेलफोर्टने २०१३ मध्ये तीन नामांकित प्रतिस्पर्ध्यांना डोक्यात लाथ घालून लोळवलं, ते याच काळात. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने ही सवलत बंद केली आणि कित्येकांचं वय रातोरात उघडं पडलं.

मग दोन उतारवयातले विजेते एकमेकांसमोर आले की काय होतं? दोघांचंही वय झालंय, म्हणजे फिट्टंफाट, असं वाटतं. पण वय सगळ्या कौशल्यांना सारखं खात नाही. ६ फेब्रुवारी २०१० ला ४६ वर्षांचा कूटूर आणि ४५ वर्षांचा मार्क कोलमन लढले. कूटूरने दुसऱ्या फेरीत हाताच्या विळख्यात गळा आवळून लढत संपवली. ३० ऑक्टोबर २०२१ ला दोनच दिवसांपूर्वी ४२ वर्षांचा झालेल्या टेशेराने ३८ वर्षांच्या यान ब्लाहोविचकडून पट्टा हिसकावला. तोही दुसऱ्याच फेरीत, मागून गळा आवळून. दोन उदाहरणांवरून नियम होत नाही, पण यामागचं शास्त्र पटण्यासारखं आहे. पकडीच्या कुस्तीत डोळ्यांपेक्षा स्पर्श मोठा. अंगाला अंग लागलेलं असताना समोरच्याची हालचाल दाबातून आधी कळते, आणि स्पर्शाला मिळणारी प्रतिक्रिया दृश्यापेक्षा थोडी लवकर येते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या की साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. त्यासाठी झपाटा लागत नाही, पक्की पकड आणि धीर लागतो.

ऑर्टिझ मुळातला कुस्तीगीर, आणि लिडेलपेक्षा पाच वर्षांनी लहान. तो २०१७ मध्ये लढला होता. लिडेल २०१० नंतर पिंजऱ्यात उतरलाच नव्हता. लिडेलची सारी मिळकत डोळे, पाय आणि वेळ यांत गुंतलेली, म्हणजे वय सगळ्यात आधी जे हिरावून घेतं त्यात. त्या रात्री कळलं ते एवढंच की दोघांपैकी कोणाचं शरीर जास्त वेगाने उतरलं. २००६ मध्ये कोण सरस होता, याच्याशी या मोजमापाचा काही संबंध नाही. तो प्रश्न २००६ मध्येच सुटला होता.

तरीही आपलं मन जुना निकाल बदलतंच. इथे चाहत्यांना नुसतं ‘वारा येईल तशी पाठ देणारे’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण यामागे मनाच्या तीन खोडी आहेत. पहिली, दुसऱ्याचा विजय आपला मानण्याची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर एक गमतीशीर पाहणी प्रसिद्ध केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणाऱ्यांचं प्रमाण वाढायचं. बोलतानाही जिंकलो तर ‘आपण जिंकलो’ आणि हरलो तर ‘ते हरले’. त्यातही, एखाद्या चाचणीत तू नापास झालास असं नुकतंच सांगितलेल्यांमध्ये हा ‘आपण’ जास्त ठळक होता. दुसऱ्याच्या विजयावर आपली पडकी भिंत सावरायची असते. मग विजेता हरला, की ती भिंतच आपल्या अंगावर येते आणि माणूस पटकन बाजूला होतो.

हे शरीरातही उतरतं. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाची ब्राझील-इटली अंतिम लढत पाहणाऱ्या पुरुष चाहत्यांची लाळ तपासली, तेव्हा ब्राझीलच्या चाहत्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आणि इटलीच्या चाहत्यांचं उतरलेलं आढळलं. ज्याने चेंडूला पायही लावला नाही त्याच्या रक्तात हार उतरते! आवडता लढवय्या चाळिशीत पुन्हा पुन्हा आडवा होतो, तेव्हा दर वेळी ही किंमत मोजायला सगळेच तयार नसतात.

दुसरी खोड पश्चातबुद्धीची. बारुख फिशहॉफने १९७५ मध्ये लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट ‘खरा’ म्हणून सांगितला. ज्यांना जो शेवट मिळाला, त्यांना तोच होणार हे आधीपासून उघड होतं असं वाटलं. अँडरसन सिल्व्हाने हात खाली सोडून, हसत, चिडवत वर्षानुवर्षं लोकांना हरवलं. यूएफसीत सलग १६ विजय. तेव्हा ती प्रतिभा होती. ६ जुलै २०१३ ला ३८ व्या वर्षी तसंच चिडवताना क्रिस वाइडमनचा डावा ठोसा बसला, आणि तीच सवय एका रात्रीत माज ठरली. शैली तीच होती. पाय आणि मान मागे न्यायला लागणारा वेळ बदलला होता.

आणि तिसरी खोड शेवटाची. २००१ मध्ये एड डीनर आणि सहकाऱ्यांनी लोकांना काल्पनिक आयुष्यांना गुण द्यायला सांगितले. सुखाच्या शिखरावर अचानक संपलेलं आयुष्य लोकांना जास्त चांगलं वाटलं. त्याच आयुष्याला पुढे थोडी कमी सुखाची, पण सुखाचीच वर्षं जोडली, तर गुण घटले. विचार केला तर हे अजब आहे, जास्त सुख मिळूनही गुण कमी! पण लढवय्यांच्या बाबतीत आपण हेच करतो. खबीब नुर्मागोमेदोव्ह २०२० मध्ये २९ विजय आणि शून्य पराभवांवर थांबला, म्हणून त्याची पाटी कोरी राहिली. फेडोर एमेलियानेन्को जवळजवळ दहा वर्षं अजिंक्य होता आणि मग लढतच राहिला, म्हणून त्याचं नाव निघालं की काहीजण २०१९ मधला ३५ सेकंदांतला पराभव आधी आठवतात. यात खबीबचा दोष नाही, पण तो चाळिशीत कसा लढला असता हे आपण पाहिलेलं नाही. आपण न पाहिलेल्या उताराची तुलना पाहिलेल्या उताराशी करतो.

आयोजक हे सगळं ओळखून आहेत. जुनं वैर पुन्हा मांडलं की जुनी आठवण तिकीट काढते. २०१६ मध्ये ह्यूस्टनला ४९ वर्षांचा हॉइस ग्रेसी आणि ५२ वर्षांचा केन शॅमरॉक लढवले गेले, १९९३ मधल्या पहिल्यावहिल्या यूएफसीतल्या त्यांच्या लढतीच्या नावावर.

१६ नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये ३७ वर्षांच्या जॉन जोन्सने ४२ वर्षांच्या स्टिपे मिओचिचला तिसऱ्या फेरीत बरगड्यांवर गिरकी घेऊन मारलेल्या लाथेने संपवलं. यूएफसीच्या हेवीवेट गटात सर्वाधिक वेळा पट्टा राखणारा मिओचिच मार्च २०२१ नंतर एकदाही लढला नव्हता. ती लढत ‘सर्वकालीन श्रेष्ठांची’ म्हणून विकली गेली. तिच्यातून हातात पडलेलं मोजमाप एवढंच: साडेतीन वर्षांहून जास्त काळ बाहेर बसलेलं बेचाळिशीचं शरीर सदतिशीच्या शरीरापुढे तिसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत टिकलं.