अरुंद रोहिण्यांतील रक्तप्रवाह व उष्णता-संक्रमण : संगणकीय प्रतिमाने

रोहिणीच्या (धमनीच्या) आतील भिंतीवर मेदयुक्त थर साचून मार्ग आक्रसला असता तेथील रक्ताचा वेग, दाब व तापमान गणिताने काढण्याची पद्धत. सी.टी. स्कॅनवरून घेतलेल्या आकाराचे सूक्ष्म घटक पाडून प्रत्येकासाठी नेव्हिए-स्टोक्स (द्रवाच्या गतीची) व ऊर्जा-समीकरणे सोडवतात.

विषयाचा उगम सामान्यतः फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या १८३८–४६ च्या सुमाराच्या केशनळ्यांवरील (अतिशय बारीक नळ्यांवरील) प्रयोगांत मानतात. नळीचा प्रवाहाला होणारा रोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम त्यांतून निघाला. हागेन यांनी १८३९ मध्ये तोच नियम स्वतंत्रपणे मांडला असल्याने दोघांचेही नाव घेणे अधिक न्याय्य होय. नियमानुसार व्यास निम्मा झाल्यास रोध १६ पट होतो. (व्यासातील ५० टक्के घट म्हणजे क्षेत्रफळातील ७५ टक्के घट, रुग्णाच्या अहवालातील ‘ब्लॉकेज’ बहुधा व्यासाचे असते.) मात्र अरुंद भागापुढे प्रवाह भिंतीपासून सुटून भोवरे उठतात व तेथे होणारी दाबाची हानी या नियमात येत नाही.

रक्ताची श्यानता (वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध) स्थिर मानावी की नाही, याविषयी मतभेद आहेत. कॅसन यांचे १९५९ चे सूत्र मुळात छपाईच्या शाईसाठी होते. ठरावीक किमान जोर लागल्याशिवाय द्रव वाहत नाही, असे त्यात गृहीत आहे. लाल पेशींच्या चळती बनत असल्याने ते रक्तालाही लावले गेले. मोठ्या रोहिण्यांत ३ ते ४ मिलिपास्कल-सेकंद ही स्थिर श्यानता पुरते, हे मत ग्राह्य वाटते. परंतु अरुंद भागापुढील संथ भोवऱ्यांत कॅसन वा कॅरो यांचे बदलत्या श्यानतेचे सूत्र वापरणे सुरक्षित ठरते.

प्रवाहाचे प्रमाण काय धरले, यावर उत्तर फार बदलते. कोल्हापूरच्या तालमीतील मल्लाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, तर कसून मेहनत करताना त्याच्या कैक पट. अरुंद जागी दाबातील घट प्रवाहापेक्षा वेगाने वाढते. म्हणून विश्रांतीत निर्धोक दिसणारा अडथळा श्रमात घातक ठरू शकतो. याच कारणाने हृद्‌रोहिणीतील अडथळ्याच्या पलीकडील व अलीकडील दाबांचे गुणोत्तर औषधाने प्रवाह वाढवून मोजतात, आणि ते ०.८० किंवा कमी आल्यास अडथळा लक्षणीय मानतात.

उष्णतेच्या बाजूस पेन्स यांचे १९४८ चे, हाताच्या अग्रबाहूवरील मापनांवर आधारलेले समीकरण प्रसिद्ध आहे. पण ते ऊतींचे असून मोठ्या रोहिणीच्या पोकळीला लागू पडत नाही. तेथे अभिसरणाचे (वाहत्या द्रवाबरोबर उष्णता वाहून जाण्याचे) समीकरण हवे. दाह असलेला थर भोवतालाहून किंचित उष्ण असतो, असे १९९६ मध्ये कॅसेल्स व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानेच्या रोहिणीच्या नमुन्यांवर दाखवले. शरीरात मात्र वाहते रक्त ती उष्णता ओढून नेते, त्यामुळे कॅथेटरने (रोहिणीत सारलेल्या बारीक नळीने) मोजलेला फरक प्रत्यक्षाहून कमी भरतो.