नाशिक परिसरातील गळाची मासेमारी

नाशिक जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा व दिंडोरी या तालुक्यांत, धरणांच्या फुगवट्यावर, नद्यांच्या डोहांत आणि शेततळ्यांत गळ टाकून हौसेने केली जाणारी गोड्या पाण्यातील मासेमारी. बाहेरून येणाऱ्याला इथे पाण्याची वाण नाही. मात्र तिकीट काढून गळ टाकण्याचे ठिकाण शोधत कोणी आला, तर तो बहुधा हात हलवत परत जातो. मासा कोणता मिळेल हे नंतर. आधी पाणी कोणाचे ते विचारावे लागते.

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो जेमतेम सातशेच्या आसपास राहतो. डोंगरात पडलेले पाणी खालच्या कोरड्या मुलखासाठी अडवायचे, या एका गरजेतून घाटमाथ्याच्या पायथ्याशी धरणांची रांगच उभी राहिली. दारणा (१९१६) हे त्यांतले जुने. गोदावरीवरचे गंगापूर हे मातीचे धरण १९६५ मध्ये पुरे झाले. भावली, मुकणे, कश्यपी, वालदेवी, करंजवण, वाघाड ही नावे नाशिककरांना पावसाळ्यात रोजच्या साठ्याच्या बातम्यांमुळे पाठ असतात. ऊर्ध्व वैतरणाचे पाणी मुंबईला जाते. पेठ-सुरगाण्याकडच्या दमणगंगा, नार, पार या नद्या मात्र पश्चिमेला उतरून गुजरातेत शिरतात. त्यांचे डोह लहान, खडकाळ आणि उन्हाळ्यात जवळजवळ आटणारे.

धरणाची भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचे असते. त्यातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिला जातो, बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला. संस्था पैसे मोजून बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) आणून सोडते आणि वर्ष-दीड वर्षाने जाळ्यात येणाऱ्या माशांवर सभासदांचे घर चालते. त्यामुळे काठावर बसून कोणी रोहू ओढू लागला की ती फुकटची करमणूक राहत नाही. संस्थेच्या माणसाला आधी भेटले, किती वेळ बसणार ते सांगितले, तर एक-दोन गळांना सहसा कोणी हरकत घेत नाही. कुठे थोडे पैसे घेतात, कुठे चहा पाजतात. आदिवासी पट्ट्यात पेसा कायद्याखाली (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६ चा कायदा) लहान पाणवठ्यांचे व्यवस्थापन गावाकडे दिले आहे, म्हणून तिथे पाड्यावर विचारावे. नावात कोळी असले तरी इथले महादेव कोळी हे मुळात डोंगरातले शेतकरी आहेत, हे पाहुण्यांच्या लवकर लक्षात येत नाही. नदीवरची पिढीजात मासेमारी प्रामुख्याने भोई समाजाची.

धरणांत सोडलेले मुख्य मासे तीन. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा ते यावरूनच ठरते. त्यांच्या जोडीला सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प), आणि कोणी बोलावले नसताना सगळीकडे पसरलेला चिलापी (तिलापिया). मूळचे स्थानिक मासे म्हणजे मरळ, शिवडा, वाम, शिंगाळा. दख्खनच्या नद्यांतल्या खडस या महासीर माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून केले. धरणे आणि वाळूउपसा यांमुळे त्याचे वाहते, खडकाळ घर आक्रसले आहे. तो चुकून लागलाच तर गळ हलकेच सोडवून त्याला पाण्यात परत करावे.

साधने अगदी साधी असतात. वेताची किंवा बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी), गरी (आकडा), गरीपासून वितभर वर शिशाचा मणी आणि तरंड (पाण्यावर तरंगणारी खूण) म्हणून मोरपिसाचा सोललेला देठ. आमिषाला गांडूळ, नाहीतर कणकेत शेंगदाण्याची पेंड कालवून, चिमूटभर हिंग घालून मळलेला गोळा. तरंड वाचता येणे हीच खरी विद्या. चिलापी लागला की देठ थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. या वेळी झटका दिला तर रिकामी गरी वर येते. रोहू आमिष ओठाने चाचपतो आणि मग तरंड तिरपा होऊन सावकाश बाजूला सरकू लागतो. मृगळ तळावरचा गोळा उचलतो, तेव्हा शिशाचा भार सुटून उभा देठ पाण्यावर आडवा पडतो. नवखा माणूस त्याला वारा समजून बघत राहतो.

मरळीची गोष्ट वेगळी. ती हवेतही श्वास घेते, त्यामुळे पाण्यावर मधूनच ‘बुडुक’ असा आवाज करून जाते आणि तिथेच तिचा ठावठिकाणा उघड होतो. बेडकावर ती झडप घालते. पावसाळ्यात काठच्या गवतात तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा एकत्र फिरताना दिसतो. त्याच्या खालीच आई-बाप राखणीला असतात, आणि पिल्लांवर आलेल्या कशावरही ते तुटून पडतात. त्या वेळी मरळ पकडणे सर्वांत सोपे आणि सर्वांत वाईट: राखण गेली की थवा दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातो.

हेच चढणीच्या माशांचे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की गाभोळीने भरलेले मासे ओढ्यांतून, थेट भातखाचरांपर्यंत वर चढतात. आदिवासी पाड्यांवर ही वर्षातली मोठी धांदल असते. पाग (फेकजाळे) टाकतात, उतारावर बांबूच्या मळया (मासे अडकवण्याचे सापळे) लावतात, रात्री बॅटरी घेऊन खेकडे शोधतात. ज्यांच्या जेवणात वर्षभर दुसरे काही फारसे नसते, त्यांनी ते करावे. हौशी माणसाने काठावरून पाहावे. पूर्वी काही ठिकाणी गेळ या झाडाची फळे ठेचून डोहात टाकत व गुंगलेले मासे वेचत. आता त्याची जागा कीटकनाशकाने आणि विजेच्या तारेने घेतली आहे. पाण्यात विष किंवा स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे.

हौशी माणसाला सोयीचे दिवस म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत मोजला जातो. गार पाण्यात हे मासे खाणे कमी करतात. तेव्हा पहाटे काकडत बसण्यात अर्थ नसतो, ऊन चढल्यावर जावे. पुढे आवर्तने सुटतात तसे पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते आणि पाण्याच्या कडेला वरून कोरडा दिसणारा, आत मांडीभर पाय रुतवणारा गाळ राहतो. दारणाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असल्याने दिवस मावळायच्या आत उठलेले बरे.

कुटुंबासह आलेल्यांसाठी शेततळे हा सरळ मार्ग आहे. द्राक्षबागांच्या पाण्यासाठी खोदलेल्या तळ्यांत अनेक शेतकरी मासे सोडतात. काही कृषी पर्यटन केंद्रांवर पाहुण्यांना गळ टाकू देतात. धोका पाण्याचा कमी, प्लास्टिकच्या अस्तराचा अधिक. ओल्या अस्तरावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही उतार चढून वर येता येत नाही. काठावर दोर बांधलेला आहे का, ते आधी पाहावे आणि नसेल तर मुलांना तळ्याकडे फिरकू देऊ नये.

गळ अजिबात न्यायचा नाही अशी जागा म्हणजे गोदावरी-कादवा संगमावरील नांदूरमध्यमेश्वर. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. इतर ठिकाणीही तुटलेला तंगूस काठावर टाकून येऊ नये, तो बगळ्या-बदकांच्या पायात अडकतो. रामकुंड आणि कुशावर्त ही तीर्थे आहेत. तिथे गळाचा विचारही कोणी करत नाही. शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीत सांडपाणी व पाणवेली फार, त्यामुळे तिथला मासा लागला तरी खाण्याजोगा नसतो.

भंडारदरा शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात असले तरी घोटीवरून जवळ पडते, म्हणून नाशिकला आलेले अनेकजण तिकडेही जातात.

पकडलेला रोहू किंवा मृगळ काळ्या मसाल्याच्या रश्श्यात चांगला लागतो, पण त्याचे बारीक दुतोंडी काटे मांसात विखुरलेले असतात. काट्यांचा कंटाळा असणाऱ्याने संस्थेच्या माणसाकडून मरळ विकत घ्यावी. महाग पडते, पण जिवंत मिळते आणि मधला काटा काढला की ताटात फारसे निवडावे लागत नाही.