'स्टिरॉइडची ॲलर्जी' म्हणजे नेमकी कशाची?

अंगावर गांधी उठल्या की स्टिरॉइडचं इंजेक्शन, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्याच इंजेक्शनने रिॲक्शन आली म्हटलं तर पटकन कुणाला पटत नाही. स्टिरॉइडच्या मलमांची ॲलर्जी १९५० चं दशक संपायच्या आतच नोंदली गेली होती, इंजेक्शननंतर पेशंट कोसळल्याच्या केसेस १९७० च्या दशकात आल्या. १९८९ मध्ये स्टिरॉइडचे ए, बी, सी, डी असे चार ग्रुप पाडले, पण ते मलमांच्या, म्हणजे उशिरा उठणाऱ्या पुरळाच्या अनुभवावरून. पाच मिनिटांत बीपी पडलेल्या पेशंटला तेच कोष्टक लावायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

खरा घोळ नावातच आहे. व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीत, स्टिरॉइड एकटं नसतंच. पाण्यात विरघळावं म्हणून त्याला सक्सिनेट नावाचा रासायनिक गट जोडतात, गुडघ्यात देतात त्या डेपो (हळूहळू औषध सोडणाऱ्या) इंजेक्शनात पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) किंवा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असे पूरक घटक असतात, आणि रिॲक्शन यातल्या कशाचीही असू शकते, फाइलवर मात्र 'स्टिरॉइड ॲलर्जी' एवढंच चढतं आणि पुढे दमा उसळला तरी द्यायला सगळे कचरतात.

सगळ्यात विचित्र भानगड दुधाची. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या काही व्हायलमध्ये, मुख्यतः ४० मिग्रॅच्या, गाईच्या दुधापासून काढलेलं लॅक्टोज होतं आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचे अंश राहायचे. (लॅक्टोज पचत नाही ती तक्रार वेगळी, इथे प्रश्न प्रथिनांचा.) दुधाची ॲलर्जी असलेल्या पेशंटला ते दिलं की त्रास वाढायचा, वाटायचं मूळची ॲलर्जीच बळावली, मग अजून एक डोस! युरोपातल्या नियामकांनी २०१७ मध्ये अशा पेशंटना ते देऊ नका म्हणून सांगितलं आणि कंपन्यांना लॅक्टोज काढायला लावलं. एवढा उशीर का झाला, हे विचारायलाच हवं.

पीईजीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ते २०२० च्या शेवटी, कोविड लशींच्या रिॲक्शनमुळे. आता रिॲक्शन येताच काही तासांत रक्तातलं ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या झटक्यात पेशींतून सुटणारं एन्झाइम) बघतात, काही आठवड्यांनी प्रिक टेस्ट, म्हणजे औषधाचा थेंब ठेवून त्वचेला हलकं टोचणं, मग त्वचेत सुई, आणि स्टिरॉइड वेगळं, त्यातले बाकीचे घटक वेगळे तपासतात. टेस्ट निगेटिव्ह आली तरी ॲलर्जी नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणून शेवटी दवाखान्यातच, ॲड्रेनलिन (तीव्र रिॲक्शनवरचं तातडीचं औषध) हाताशी ठेवून, दुसऱ्या स्टिरॉइडचा थोडाथोडा डोस देऊन बघतात. सक्सिनेटवाल्या स्टिरॉइडची रिॲक्शन आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना डेक्सामेथासोन फॉस्फेट, म्हणजे सक्सिनेटऐवजी फॉस्फेट जोडलेलं दुसरं स्टिरॉइड, चालून जातं.