व्हर्च्युअल मशीन आणि पत्त्याचा एक बिट

व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला, मेमरी किती द्यायची, हे आपण ठरवतो. पण आतली ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना आणखी एक आकडा विचारते: मेमरीचा भौतिक पत्ता किती बिटांचा? ती हे 'सीपीयूआयडी' सूचनेतून प्रोसेसरला विचारते, आणि उत्तर मात्र एम्युलेटर, म्हणजे ते मशीन उभं करणारा प्रोग्रॅम, देतो.

एक बिट वाढला की पत्ते दुप्पट होतात. 39 बिटांत 512 जीबी मावतात, 40 बिटांत 1 टीबी. एक्स86-64 रचनेची कमाल मर्यादा 52 बिटांची, म्हणजे 4 पेटाबाइटची आहे.

फाब्रिस बेलार्ड यांनी 2003 मध्ये सुरू केलेला क्यूईएमयू हा एम्युलेटर वेगळं काही सांगितलं नाही, तर सहसा 40 हेच उत्तर देतो. डेस्कटॉपवरच्या अनेक प्रोसेसरांत मात्र 39 बिटच असतात. 8 जीबीच्या मशीनला त्याने काय फरक पडणार, असं वाटेल. पण पत्ते फक्त रॅमला लागत नाहीत, ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांनाही लागतात, आणि फर्मवेअर (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारं सॉफ्टवेअर) त्यांना पार वरच्या टोकाला बसवू शकतं. समजा, एखादं उपकरण 600 जीबीच्या पत्त्यावर बसलं. त्या पत्त्यात चाळिसावा बिट 1 असतो. खऱ्या प्रोसेसरच्या लेखी तो बिट राखीव आहे, म्हणजे 0 च असायला हवा, त्यामुळे पेज टेबलमधली (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातली) ती नोंदच अवैध ठरते आणि पेज फॉल्ट, म्हणजे पत्ता वापरता न आल्याची चूक, येते. आतल्या सिस्टिमने तर सांगितलेली मर्यादा काटेकोर पाळलेली असते! चूक शोधणारा मग ड्रायव्हर तपासत बसतो.

हा आकडा क्यूईएमयूमध्ये 'फिज-बिट्स' या पर्यायाने देता येतो. म्हणूनच तो पर्याय माहितीपुस्तिकेत 'पत्त्याची रुंदी ठरवतो' एवढ्यावर उरकणं मला अन्यायाचं वाटतं. काही न दिल्यास कोणता आकडा लागू होतो, हे तिथेच लिहायला हवं. केव्हीएमशिवाय (म्हणजे खऱ्या प्रोसेसरवरच मशीन चालवू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीशिवाय), निव्वळ सॉफ्टवेअरमधल्या एम्युलेशनमध्ये 40 खेरीज दुसरा आकडा चालत नाही, हेही.

'होस्ट-फिज-बिट्स' चालू केलं की यजमान प्रोसेसरचा खरा आकडा आत पोचतो. एकाच यंत्रावर काम असेल तर हाच सरळ मार्ग. पण चालू मशीन दुसऱ्या यंत्रावर हलवायचं असेल, तर तिथला प्रोसेसर कमी बिटांचा निघू शकतो, आणि आतल्या सिस्टिमने जुना आकडा केव्हाच गृहीत धरलेला असतो. अशा ठिकाणी 'होस्ट-फिज-बिट्स-लिमिट' वापरून ताफ्यातल्या सर्वांत कमी बिटांच्या प्रोसेसरएवढी मर्यादा सुरुवातीलाच घालावी लागते.