सुई नसलेली सिरिंज: फर्नांडो झोबेलच्या रेषेची पार्श्वभूमी

चित्रकार फर्नांडो झोबेलच्या ‘साएता’ या मालिकेतल्या चित्राजवळ गेलं की कोडं पडतं ते रेषेचं. तैलरंगातली रेष इतकी बारीक, इतकी लांब आणि तरीही सलग कशी? कुंचल्यातला रंग वीतभर अंतरात आटतो, पुन्हा बुडवला की सांधा दिसतो. झोबेलने तोडगा काढला तो दवाखान्यातला: इंजेक्शनची काचेची सिरिंज, सुई काढून टाकलेली.

जन्म मनिलाचा, १९२४चा. घराणं फिलिपाइन्समधल्या आयाला उद्योगसमूहाचं. सान्तो तोमास विद्यापीठात तो वैद्यकपूर्व अभ्यासक्रम शिकत होता, पण १९४२मध्ये मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला आणि तिथे चित्रं काढू लागला. (पुढे हाती सिरिंजच यावी, हा गमतीचा योगायोग.) १९४९मध्ये हार्वर्डची पदवी घेतली, तीही स्पॅनिश कवी-नाटककार लोर्कावर प्रबंध लिहून. १९५५मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्कोचं प्रदर्शन पाहिलं आणि त्याचं चित्र अमूर्ताकडे वळलं. रंगाचे थर त्याला पटले, पण रेष सोडवेना. जपानी बागांत दाताळ्याने वाळूवर ओढलेल्या रेघाही डोक्यात होत्या.

सिरिंज वरवर सोपी वाटते, तशी ती नाही. ट्यूबमधला घट्ट रंग तसाच भरला तर दट्ट्या पुढे सरकत नाही. टर्पेंटाइन जास्त झालं तर रेष ओघळते. एखादी गुठळी तोंडाशी अडकली आणि जोर वाढवला, तर भसकन थेंब पडतो. खालचा थर ओला असेल तर रेष त्यात पसरते. दाब आणि हाताचा वेग, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचे. मध्ये थबकलं की गाठ झालीच.

१९५९च्या सुमारास त्याने रंगच सोडले. ‘सेरिए नेग्रा’त (म्हणजे ‘काळी मालिका’) पांढऱ्यावर फक्त काळं: सिरिंजच्या रेषांवरून कोरडा कुंचला ओढलेला, त्यामुळे चित्राला वेग येतो. माझ्या मते त्याचं सर्वांत धाडसी काम हेच. १९६३नंतर रंग परतले, पण पातळ, धुक्यासारखे. पेन्सिलीच्या आखणीच्या रेघा त्याने मुद्दाम राहू दिल्या.

फिलिपाइन्समधला आपला आधुनिक चित्रांचा संग्रह त्याने मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठाला दिला. त्यातून १९६०मध्ये आतेनेओ आर्ट गॅलरी उभी राहिली. स्पेनमध्ये स्थायिक झाल्यावर १९६६मध्ये तिथल्या क्वेंका शहरात कड्यावर लटकलेल्या जुन्या घरांत त्याने स्पॅनिश अमूर्त कलेचं संग्रहालय उघडलं. १९८४मध्ये तो रोममध्ये वारला. दफन मात्र क्वेंकातच झालं.