अठ्ठावीसची रिंग, पण कुठली?

बेळगावात सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात गिऱ्हाईक मराठीत बोलो की कन्नडमध्ये, मागणी तीच: अठ्ठावीसची रिंग द्या. दुकानदार वर टांगलेल्यांपैकी एक आकडीनं खाली काढतो. मिस्त्री जुने स्पोक तिच्यात भरायला बसतो आणि निम्मं काम झाल्यावर कळतं की स्पोक चार-पाच मिलिमीटर आखूड पडताहेत. कधी याच्या उलट होतं. स्पोकचं टोक निप्पलच्या (स्पोकला रिंगेत आवळून धरणाऱ्या छोट्या नटाच्या) डोक्याबाहेर येतं, म्हणजे ते ट्यूबमध्ये घुसणार हे नक्की. दुकानदार खोटं बोललेला नसतो. रिंग अठ्ठावीसचीच असते.

घोळ आहे तो इंचांचा. अठ्ठावीस किंवा सव्वीस हे रिंगेचं माप नाहीच, फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाला पडलेलं ते ढोबळ नाव आहे. टायर जाड असेल तर बाहेरचा व्यास तेवढाच ठेवायला आतली रिंग लहान करावी लागते, त्यामुळे एकाच नावाखाली वेगवेगळ्या रिंगा नांदतात. आपल्या काळ्या, दांडीच्या जुन्या सायकलीचं २८ × १½ टायर ज्या रिंगेवर बसतं, तिथं टायरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. गिअरच्या नव्या सायकलीचं ‘अठ्ठावीस’ म्हणजे ६२२. सव्वीसची तर निदान चार भावंडं: ५५९, ५७१, ५८४ आणि ५९०. लेडीज सायकलचं २६ × १⅜ टायर ५९०चं, रेंजर छापाच्या जाड टायरवाल्या सायकलचं ५५९चं. यातली सगळ्यात खोडकर जोडी अशी: २६ × १¾ आणि २६ × १.७५. शाळेतल्या गणितात दोन्ही एकच, पण अपूर्णांकात लिहिलेलं टायर ५७१च्या रिंगेचं आणि दशांशात लिहिलेलं ५५९च्या. व्यासात १२ मिलिमीटरचा फरक.

सुदैवानं टायरच्या कडेला आयएसओ ५७७५ या मानकाप्रमाणे दुसरीही एक जोडी छापलेली असते, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात हा दुसरा आकडा सांगावा. इंच ऐकायला बरे वाटतात, एवढाच त्यांचा उपयोग.

पण हा आकडा जुळला तरी स्पोक जुळतीलच असं नाही. टायर रिंगेच्या बाहेरच्या काठावर बसतं आणि स्पोक पकडणारे निप्पल आतल्या तळावर, आणि या दोहोंमधली खोली प्रत्येक रिंगेची वेगळी असते. समोरासमोरच्या दोन निप्पलांच्या बैठकींमधलं अंतर हा रिंगेचा दुसरा व्यास. चाक बांधताना खरा तोच लागतो, आणि तो ना टायरवर छापलेला असतो ना दुकानाच्या पाटीवर. ६२२च्याच रिंगांमध्ये तो साध्या, उथळ रिंगेत सहाशेच्या आसपास असतो आणि खोल पेटीसारख्या रिंगेत ५७०च्याही खाली जातो. स्पोक म्हणजे त्रिज्येच्या बाजूचा भाग, त्यामुळे व्यास दहा मिलिमीटरनं बदलला की स्पोकची लांबी जवळपास पाचानं बदलते. स्पोकच्या टोकाला आटे असतात जेमतेम दहा मिलिमीटर. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक निप्पल पोटात घेतं, पाच मात्र घेत नाही. आखूड स्पोक थोड्याच आट्यांवर लटकतो आणि निप्पलचं डोकं तुटतं. लांब स्पोकचे आटे संपतात, पाना फिरेनासा होतो आणि ताण येतच नाही.

हा व्यास घरी मोजता येतो. दोन जुने सरळ स्पोक घ्यावेत, समजा प्रत्येक २७० मिलिमीटरचा. लांबी कोपराच्या, म्हणजे हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुकड्यात) अडकणाऱ्या वाकलेल्या टोकाच्या, आतल्या बाजूनं धरायची. त्यावर निप्पल इतकी फिरवायची की स्पोकचं टोक निप्पलच्या खाचेच्या तळाला येईल. मग ते रिंगेच्या बरोबर समोरासमोरच्या भोकांत घालून एकमेकांकडे ओढायचे आणि दोन कोपरांमधलं अंतर मोजायचं. ते ६२ भरलं तर व्यास २७० अधिक २७० अधिक ६२, म्हणजे ६०२. रिंग पूर्ण गोल असतेच असं नाही, म्हणून तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. जुनी रिंग भंगारात देण्याआधी तिचंही असंच माप घ्यावं. नव्या-जुन्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसेल तर जुने स्पोक चालतील, नाहीतर नवे घ्यावेत. स्पोकांवर पैसे वाचवण्यासाठी चुकीची रिंग घेणं मला तरी पटत नाही.

मुळात रिंग बदलायची वेळ का येते? “चाक आउट होऊलालंय, जरा काढून द्या,” असं म्हणत गिऱ्हाईक येतं आणि मिस्त्री एका बाजूचे निप्पल आवळून, दुसऱ्या बाजूचे सैल करून आउट काढून देतो. चाक डावी-उजवीकडे हलत असेल तर हे जमतं. पण पावसाळ्यानंतरच्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर खड्ड्यात आपटून रिंग आत बसली असेल तर जमत नाही, कारण स्पोक फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. दबलेला भाग बाहेर लोटायला चाकात काहीच नसतं. धातूनं आकार सोडला की आजूबाजूचे स्पोक कितीही आवळा, त्यांचे ताण फक्त बिघडत जातात.

स्पोकचं हे फक्त ओढणं समजलं की रिंगेचं कामही समजतं. बैलगाडीचं चाक आऱ्यांवर उभं असतं. ओझं तुंब्यावरून, म्हणजे मधल्या गाभ्यावरून, खालच्या आऱ्यांवर येतं आणि लोहारानं तापवून चढवलेली लोखंडी धाव गार होताना आक्रसून सगळं लाकूड आवळून धरते. आरे दाबाखाली, धाव ताणाखाली. सायकलमध्ये हे बरोबर उलटं आहे: स्पोक ताणाखाली, रिंग दाबाखाली. दोन मिलिमीटरची तार दाबली तर लगेच वाकेल, पण ओढली तर शंभर किलोचा ताण आरामात सोसते. ३६ स्पोक प्रत्येकी शंभर किलोनं हबकडे ओढत असतील तर रिंगेच्या कुठल्याही छेदावर येणारा दाब म्हणजे एकूण ताण भागिले दोन पाय (२ × ३.१४), सुमारे ५७० किलो. हे सायकलवर कुणी बसण्याआधीच. अर्ध्या किलोच्या ॲल्युमिनियम रिंगेचा घेर एवढ्या दाबानं सुमारे दीड मिलिमीटर कमी होतो.

आता माणूस बसला. त्याचं वजन वरच्या स्पोकांना लटकतं असा पुष्कळांचा समज असतो, पण मोजून पाहिलं तर वरच्यांच्या ताणात जवळजवळ फरक पडत नाही. जमिनीकडच्या तीन-चार स्पोकांचा ताण तेवढा उतरतो. ते पार सैल पडत नाहीत तोवर चाक ठणठणीत. म्हणून मुळात ताण भरपूर हवा, आणि किती ताण देता येईल हे ठरवते रिंग. लेची रिंग जास्त आवळली की तिचा द्रोण होतो किंवा भोकांपाशी तडे जातात. मग मिस्त्री ताण कमी ठेवतो, खालचे स्पोक प्रत्येक फेऱ्यात सैल-ताठ होत राहतात आणि काही महिन्यांत कोपरावर तुटायला लागतात. दोष स्पोकला दिला जातो.

दणकट रिंग म्हणजे जड रिंग असं मात्र नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही तेवढाच कमी, म्हणजे वजनामागे दोन्ही सारखेच. फरक पडतो तो आकारानं. तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियम तिप्पट जाड वापरता येतं, त्याची आतून पोकळ दोन भिंतींची पेटी करता येते, आणि पेटी वाकवणं पत्र्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. येळ्ळूर-कडोलीकडून भाजीची पोती लादून येणाऱ्या सायकलीला वजनाची काळजी करायचं कारण नाही. उद्यमबागेत पाळीवर जाणाऱ्यानं आणि घाट चढणाऱ्या हौशी स्वारानं मात्र दुहेरी भिंतीचीच घ्यावी.

ब्रेकच्या बाबतीत निवड फारशी आपल्या हातात नसते. जुन्या सायकलीचे दांडीचे ब्रेक रिंगेला आतून, हबच्या बाजूनं दाबतात. त्यासाठी रिंगेला आत दोन्हीकडे ब्रेकच्या रबराला टेकायला जागा लागते, आणि ती पेटीच्या ॲल्युमिनियम रिंगेत नसते. वायरचे ब्रेक बाजूनं चावतात, त्यांना सपाट कडा हवी. क्रोमची चकचकीत रिंग ओली झाली की रबर तिच्यावर घसरतं. जून ते सप्टेंबर खानापूर भागात जे सायकल चालवतात त्यांना हे सांगायला नको. ॲल्युमिनियम ओल्यात बऱ्यापैकी पकडतं, पण आपली जांभ्याची लाल माती रबरात अडकून कानशीसारखं काम करते आणि कडा आतल्या बाजूला खोलगट होत जाते. बोटाला खळगा लागला की रिंग बदलावी. पातळ झालेली भिंत आतल्या हवेच्या दाबानंच फुटते.

भोकांची संख्या हबशी जुळावी लागते हे उघड आहे, पण जुन्या काळ्या सायकलींत पुढं ३२ आणि मागं ४० असतात हे दुकानात गेल्यावर आठवतं, तेव्हा जुनी रिंग सोबत न्यावी.

दुसरा व्यास जुळला असेल तर स्पोक सोडवून पुन्हा विणायची गरज नाही. नवी रिंग जुनीला टेकवून वॉल्वची भोकं समोरासमोर धरावीत आणि दोन्ही तीन-चार ठिकाणी चिकटपट्टीनं बांधावीत. भोकं आळीपाळीनं डावी-उजवीकडे सरकलेली असतात, म्हणून वॉल्वशेजारचं भोक दोन्ही रिंगांत एकाच बाजूला आहे ना, तेवढं बघावं. नसेल तर नवी रिंग एका भोकानं सरकवून धरावी; उलटी करून उपयोग नाही. मग सगळे निप्पल सैल करून एकेक स्पोक जुनीतून काढून नवीत घालायचा. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर चाक पुन्हा एकदा मिस्त्रीला दाखवावं, कारण स्पोकांची कोपरं हबच्या भोकांत बसतात आणि थोडा ताण उतरतो.